ओट्याखालच्या बाटल्या

घर स्वच्छ ठेवायला खरंच किती सामान लागतं, हा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही, कारण दुकानातल्या फळ्यांवर त्याचं उत्तर आधीच रांगेनं लावून ठेवलेलं असतं. भांड्यांचं लिक्विड वेगळं, ओट्याचा स्प्रे वेगळा, काचेचं निळं पाणी वेगळं, फरशीचं वासाचं वेगळं, टाइल्सचं वेगळं, संडासाचं तर वेगळंच, मग कपड्यांची पावडर, कॉलर घासायला अजून काहीतरी, धुतल्यावर मऊ व्हायला अजून काहीतरी. आमच्या ओट्याखाली हे सगळं होतं. आणि प्रत्येक बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, हातमोजे वापरा, डोळ्यांत जाऊ देऊ नका, लहान मुलांपासून लांब ठेवा. ही बारीक अक्षरं मी वाचायला लागले ते आमच्या मावशींच्या हातांमुळे.

मावशी आमच्याकडे धुणंभांडी करतात, सांगलीत गावभागातच चार घरची कामं आहेत त्यांची. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलवटून लाल झालेली, नखांच्या कडेनं चिरा, आणि अंगठ्याखालचा तळवा कोरडा पांढरा पडून त्याची सालपटं निघायला लागलेली. विचारलं तर म्हणाल्या, "वैनी, भांडी घासताना काय बी वाटत न्हाई बघा, पण घरला जाऊन भाकरीचं पीठ मळाय घेतलं की नुसती आग आग हुती. चटणी तर हातानं कालवताच येत न्हाई." डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं साबणाच्या पाण्यात हात घालू नका. आता जिचं पोटच साबणाच्या पाण्यावर चालतंय तिला हे सांगून काय उपयोग? हातमोजे आणून दिले, पण ते आतून घामानं भिजतात, ताट हातातून सटकतं, शिवाय चार घरी चार तऱ्हेची लिक्विडं, कुठं पाण्यात कालवून ठेवलेलं तर कुठं घट्ट तसंच्या तसं घासणीवर ओतायचं.

म्हणून मी ठरवलं की निदान आपल्या घरातलं तरी हे सगळं एकदा बाहेर काढून बघायचं, आणि बदलायचं तर मावशींना आधी विचारून बदलायचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पर्यावरणपूरक घर कसं करावं यावर हल्ली भरपूर व्हिडिओ आहेत, काचेच्या सुंदर बरण्या, बांबूचे ब्रश, लाकडी मुठी, सगळं बघायला छान, पण रोज घासणारे हात त्यात बहुतेक वेळा दिसतच नाहीत. घरात रिठा आणायचं एक बाई ठरवते आणि मेणचट कढई त्या रिठ्यानं घासायला लागते दुसरीला. तिला जर त्यासाठी दुप्पट जोर लावायला लागणार असेल तर आपल्या मनाचं समाधान तिच्या खांद्यावरून झालं की.

मावशींना विचारलं तर एका दमात म्हणाल्या, "राख आणा की."

राख आता आणायची कुठून? आमच्याकडे चूल कधीच गेली, पण सासूबाईंच्या माहेरी तासगावकडं अजून थंडीत बंब पेटतो, शेणी आणि तुराट्या घालून. तिथून डबाभर राख आली. ती आधी मैद्याच्या चाळणीनं चाळून घ्यायची, कारण एखादा खडा राहिला तरी स्टीलवर ओरखडा उठतो, आणि नॉनस्टिकला तर राख लावायचीच नाही. फोडणी करून भडंग परतलेली कढई घ्या, तळाला तेल आणि तिखट धरून बसलेलं असतं. मावशी ती तशीच कोरडी घेतात, चिमूटभर नाही, चांगली मूठभर राख टाकतात आणि जुन्या चिंधीनं गोल गोल फिरवतात. राख तेल पिऊन काळी गोळा होते, ती कचऱ्यात झटकायची, आणि मग कढई गरम पाण्यानं धुवायची. सिंकमध्ये राख सोडायची नाही, पाइपच्या बाकात जाऊन बसते आणि मग प्लंबर बोलवायला लागतो. यामागं कारण साधं आहे, लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे क्षार. क्षार आणि तेल एकत्र आले की थोडा साबण तिथल्या तिथं तयार होतो, आणि राखेचे बारीक कण घासायचं काम करतात. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तेल गटारात जातच नाही. आपण लिक्विडनं तेल सुटं करून पाण्याबरोबर घालवतो खरं, पण ते पुढं कुठंतरी थंड होऊन पाइपला धरतंच.

घासणीचं काम घोसाळ्यानं केलं. हिरवी घासणी झिजते म्हणजे तिचे प्लास्टिकचे बारीक तुकडे पाण्याबरोबर जातात, काही भांड्यांनाही लागत असतील, हे एकदा डोक्यात आलं की ती हातात घ्यावीशी वाटत नाही. मिरगाच्या पावसाला कंपाउंडच्या भिंतीशी घोसाळ्याच्या बिया टोचल्या, वेल गच्चीपर्यंत गेला. अर्धी घोसाळी भजीत आणि भाजीत गेली, बाकीची मुद्दाम वेलावरच ठेवली. तोडायची घाई करायची नाही. हिरवं घोसाळं पिवळं पडतं, मग तपकिरी, मग इतकं हलकं होतं की हातात घेतल्यावर काहीच धरलं नाही असं वाटतं, आणि हलवलं की आत बिया खुळखुळतात. तेव्हा साल नखानं उचलली तरी कागदासारखी सुटते. आत पांढरट पिवळी जाळी, उभ्या धाग्यांची आणि मध्ये तीन चार पोकळ्या, त्यातून काळ्या बिया झटकून काढायच्या. जाळी धुऊन वाळवायची आणि चार बोटांएवढे तुकडे करायचे. पहिल्यांदा कोरडी असताना टोचेल अशी वाटते पण पाण्यात बुडवली की दोन मिनिटांत मऊ होते. रात्री सिंकमध्ये पडू दिली तर बुळबुळीत होते म्हणून खिडकीच्या गजाला अडकवायची, ऊन लागलं पाहिजे. महिनाभर सहज चालते, मग कुंडीत. मावशींनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं, आता जाताना दोन तुकडे पदराला बांधून घरी नेतात.

रिठ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्याच्याबद्दल अपेक्षा फार असतात. काष्ठौषधींच्या दुकानात सुटा मिळतो, कागदाच्या पुडीत. बी काढलेला घेतला तर महाग पडतो, अख्खा घेऊन खलबत्त्यात एक टोला दिला की बी वेगळी होते. दहा बारा टरफलं रात्री लिटरभर पाण्यात भिजवायची, सकाळी त्याच पाण्यात पंधरा वीस मिनिटं उकळायची, गार झाल्यावर कुस्करून गाळायची. चहाच्या रंगाचं पाणी होतं, हलवलं की वर फेस येतो. हे सॅपोनिन, झाडाचा स्वतःचा साबण. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर ठेवलं तर दोन दिवसांत आंबतं. डोळ्यात गेलं तर जबरदस्त झोंबतं, लहान मुलं असतील तर बरणी वर ठेवा.

रेशमी आणि लोकरी कपड्यांना याच्यासारखं दुसरं काही नाही. सासूबाईंच्या इरकली, स्वेटर, शाली, सगळं रिठ्यात. सोडा किंवा जहाल पावडर रेशमाला आणि लोकरीला खाते कारण दोन्ही शेवटी प्रथिनांचेच धागे, रिठा त्यांना त्रास देत नाही. रोजच्या भांड्यांना, म्हणजे कप, ताटल्या, वरणभाताच्या वाट्या, चालतो. मटणाच्या पातेल्याला चालत नाही, उगाच चालतो म्हणून सांगू नये. आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असंही काही नसतं. रिठ्यासारख्या फळांचा लगदा पाण्यात टाकून मासे गुंगवून धरायची पद्धत काही भागांत पूर्वीपासून होती, कारण सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करतं. फरक एवढा की ते मातीत आणि पाण्यात लवकर कुजून संपतं. म्हणून रिठ्याचं पाणी मी झाडांना घालते, नाल्याला नाही.

मटणाच्या पातेल्याला लागतो धुण्याचा सोडा. खायचा नव्हे, धुण्याचा, दोन वेगळे आहेत आणि दोन्ही पांढरे असतात म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गणपती पेठेत किराण्याच्या जुन्या दुकानात सुटा मिळतो, आपला डबा नेला तर डब्यात देतात. चमचाभर सोडा उकळत्या पाण्यात टाकून ते पातेल्यात ओतायचं आणि अर्धा तास सोडून द्यायचं, ओशट थर आपोआप सुटतो, मावशींचे हात पाण्यात जायच्या आत ते पाणी ओतूनही टाकलेलं असतं. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र सोडा नको, ती काळी पडतात.

सोड्याचा दुसरा उपयोग बोअरच्या पाण्यासाठी. आपल्याकडे म्हणतातच की बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. त्याच कारणानं त्या पाण्यात साबणाला फेसही येत नाही, पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, वर पांढरी साय तरंगते आणि कपडे करडे पडत जातात. मग आपण काय करतो, अजून पावडर टाकतो. त्याऐवजी बादलीत आधी चमचाभर सोडा विरघळवला तर तो हे क्षार खाली बसवतो आणि निम्म्या पावडरीत काम होतं. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केली, त्याच्यानंतर सांगलीसारख्या गावांत घरोघरी पावडर रुळली. सासूबाई सांगतात की त्याच्या आधी सोड्यात कपडे उकळून वडी साबण लावायचा. त्या काळाबद्दल मला उगाच गहिवर नाही, बायकांचे हात तेव्हाही सोड्यानं फाटायचेच. पण फेस म्हणजे स्वच्छता नाही एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. मशीनमध्ये मी आता पुड्यावर लिहिल्याच्या निम्मी पावडर टाकते, नळाचं पाणी असेल तेव्हा त्याहून थोडी कमी, आणि कपड्यांत काही फरक नाही.

आता फरशी. आमचं घर जुनं आहे, मधल्या खोलीत आणि पडवीत शहाबादी आहे, स्वयंपाकघराचा ओटा काळ्या कडप्प्याचा. इंटरनेटवर सगळीकडे सांगतात की व्हिनेगर आणि लिंबानं सगळं लख्ख होतं. नळावर जे पांढरे डाग पडतात ना बोअरच्या पाण्याचे, त्यांना लिंबू खरोखर चालतं, लिंबाची पिळलेली फोड नळावर दहा मिनिटं उपडी घालून ठेवायची, किंवा किराण्यात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते सायट्रिक ॲसिड पाण्यात घालून पुसायचं. तो डाग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळतो. पण शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचेच दगड, म्हणजे तेही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. जे आम्ल नळावरचा डाग खातं तेच फरशी खाणार. ओट्यावर लिंबाचा रस सांडून राहिला की जो पांढुरका चट्टा पडतो आणि कशानंच जात नाही तो डाग नसतोच, तिथला दगडच गेलेला असतो. संगमरवराचं देवघर असेल तर तेच. म्हणून शहाबादीला नुसतं पाणी, फार तर थोडं रिठ्याचं पाणी, आणि जुन्या सुती साडीचं पोतेरं. बस्स.

आणखी एक गोष्ट फार चालते, व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करायचा, फसफसतं, बघायला मजा येते. पण फसफसून झालं की दोघांनी एकमेकांना मारलेलं असतं, उरतं बहुतेक पाणी आणि थोडंसं मीठ. वेगवेगळे वापरले तर दोघेही कामाचे आहेत. आणि एकत्र करायच्या गोष्टींचा विषय निघालाच आहे तर हे मला जीव तोडून सांगायचंय, ब्लीच आणि संडासाचं ॲसिड कधीही, कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये त्यानं माणूस गुदमरतं. कामाच्या बायकांना हे कुणी सांगत नाही, त्यांना दोन बाटल्या दिसतात आणि जास्त स्वच्छ व्हावं म्हणून दोन्ही टाकतात. तुमच्या घरी या दोन्ही बाटल्या असतील तर आज एक तरी बाहेर काढा.

बायोएन्झाइम, म्हणजे फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं सफाईचं पाणी, घरी करतो आम्ही. सांगली बाजारात गुळाला तोटा नाही, आणि मोसंबी संत्र्याच्या साली रसवाल्याकडे मागितल्या की पिशवीभर देतो. गूळ एक भाग, साली तीन भाग, पाणी दहा भाग, तीन महिने. पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, काचेच्या घट्ट बरणीत करू नका, फुटते. तयार झालेलं पाणी आंबट असतं, टाइल्सना आणि संडासाला छान, शहाबादीला अर्थातच नको. जंतू मारायला मी त्याच्यावर विसंबत नाही. माझ्या बहिणीच्या घराला, उपनगरात, गटार नाही, सेप्टिक टँक आहे, तिला मात्र याचा वेगळाच फायदा. टाकीतलं काम जिवाणू करतात, आणि रोज फिनाईल आणि ॲसिड ओतलं की तेच मरतात, मग टाकी भरते आणि वास सुटतो. तिनं रोजचं फिनाईल थांबवलंय.

पण फिनाईल, ब्लीचिंग पावडर हे वाईटच असं मी म्हणणार नाही, सांगलीतल्या माणसानं तर म्हणूच नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर आत गेलो तर सगळीकडे वीतभर गाळ, साबणासारखा गुळगुळीत, आणि त्याचा वास, ज्यांनी घेतलाय त्यांनाच कळेल. त्यात गटाराचं, जनावरांचं, सगळंच मिसळलेलं. तेव्हा फावड्यानं गाळ ओढला, पाण्याचा फवारा मारला आणि मग ब्लीचिंग पावडर टाकली, दोन दोन वेळा टाकली, आणि ते बरोबरच होतं. जिथं रोगराईचा धोका आहे, घरात कुणी आजारी आहे, तिथं जंतुनाशक लागतंच. रोजच्या धुळीला आणि आमटीच्या डागाला मात्र ते लागत नाही, आणि आपण रोज महापूर येऊन गेल्यासारखी फरशी पुसत असतो.

त्या गाळात अजून एक होतं. अंगणात, पडवीत, तुळशीच्या कट्ट्याला गुंडाळलेल्या, पिशव्या आणि शाम्पूच्या पुड्या आणि बाटल्या. आमच्या नव्हेत. कुठल्या वरच्या गावांच्या कोण जाणे. एका पुडीचा रंगसुद्धा उडाला नव्हता, किंमत वाचता येत होती, आणि तिच्या शेजारी आमच्या घरातलं शंभर वर्षांचं लाकडी फडताळ फुगून फुटलेलं. कृष्णा महाबळेश्वरहून निघते, वाई करत कऱ्हाडला येते, तिथं कोयना मिळते, मग आपल्याकडे, पुढं हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, आणि मग कर्नाटकात. वरच्या सगळ्यांचं धुणंभांडी झालेलं पाणी आपल्याकडे येतं, आपलं खाली वाडीला जातं जिथं लोक स्नान करून ते तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात. शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या शेरी नाल्याचं पाणी नदीत मिसळायचा प्रश्न सांगलीकर कितीतरी वर्षं ऐकत आलेत. आणि नळाला पाणी त्याच नदीचं. डिटर्जंटमधलं फेस आणणारं रसायन हवा भरपूर असलेल्या पाण्यात बऱ्यापैकी विघटित होतं, पण काळ्या कुबट नाल्यात प्राणवायू असतोच कुठं, तिथं ते तसंच राहून पुढं जातं. मी ओट्याखालून चार बाटल्या काढल्या म्हणून कृष्णा निर्मळ होणार नाही, नदीवरचा मोठा भार कारखान्यांच्या आणि शुद्ध न केलेल्या सांडपाण्याचा आहे, त्यासाठी भांडायचं ते वेगळं भांडायलाच पाहिजे. पण आमच्या घरातून जाणारं तरी मला माहीत पाहिजे.

धुण्याचं पाणी परसात सोडणाऱ्यांनाही एक सांगायचंय. वाळवा, मिरज, पलूसकडच्या क्षारपड जमिनी आपण बघतो, पांढरी फुटलेली काळी माती, तिथं कारण उसाला अतोनात पाणी आणि निचरा नाही हे आहे. पण काळ्या मातीला सोडियम काय करतं ते त्यावरून कळतं, ती घट्ट होते, पाणी मुरत नाही. पावडरीत आणि धुण्याच्या सोड्यातही सोडियमच असतं, त्यामुळे हे पाणी रोज एकाच आळ्यात घालू नये. शेवटच्या विसळणीचं पाणी चालतं, नारळाला आणि केळीला आम्ही तेच घालतो.

आता प्लास्टिक. महाराष्ट्रात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तू बंद झाल्या, पण त्या यादीत साबणाच्या बाटल्या आणि पुड्या नाहीत. रिफिल पाऊच घेतला की आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटतं, वजनानं प्लास्टिक कमी असतंही, पण भंगारवाल्याला विचारा. जाड बाटली तो किलोवर घेतो, पाऊच हातात धरत नाही, कारण त्यात प्लास्टिकचे वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. म्हणजे बाटली पुन्हा वितळून काहीतरी होते आणि पाऊच थेट कचरा डेपोवर जातो. १९९१ पासून आपल्या सरकारचं इकोमार्क नावाचं एक चिन्ह आहे, मातीच्या माठाचं, त्यात साबण डिटर्जंटही धरलेत. मी दुकानात शोधते, मला अजून एकाही बाटलीवर दिसलेलं नाही. हिरवं पान मात्र सगळ्यांवर छापलेलं असतं.

आमच्याकडे उपाय निघाला तो बचत गटातल्या बायकांकडून. त्या फिनाईल आणि भांड्यांचं लिक्विड करतात आणि सुटं विकतात, आपला कॅन न्यायचा. मी बसून बघितलंय त्या कसं करतात ते, ॲसिड स्लरी म्हणजे डिटर्जंटचं मूळ रसायन, कॉस्टिक सोडा, मीठ, रंग, वास. म्हणजे हे काही रिठ्याचं नव्हे, दुकानातल्यासारखंच डिटर्जंट आहे, घरगुती म्हणून ते सौम्य होत नाही. पण बाटली वाचते, पैसे गावातल्या बाईला मिळतात, आणि मी त्यांना सांगितलं की माझ्या कॅनमध्ये रंग आणि वास घालू नका तर त्यांनी घातला नाही. मोठ्या कंपनीला हे कुठून सांगणार. ते लिक्विड आम्ही एकास सहा पाण्यात कालवून वाटीत ठेवतो, घासणीवर थेट ओतायचं नाही हा घरातला नियम. आणि वापरायचं तेही भांडं फार तेलकट असेल तेव्हाच.

फडक्यांबद्दल फार लिहीत नाही, जुने बनियन आणि सुती साड्या प्रत्येक घरात आहेत. दुकानातली मऊ मायक्रोफायबर फडकी म्हणजे प्लास्टिकचेच धागे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पितळेच्या देवांना चिंच, आमटीसाठी कोळ काढून उरलेला चोथा ओट्यावर एका वाटीत ठेवायचा, त्यावर मिठाची चिमूट, समई उजळते. केरसुणी आम्ही शिंदीचीच घेतो, लक्ष्मीपूजनाला नवी आणायची ती वर्षभर वापरायचीसुद्धा. पूजेला शिंदीची आणि झाडायला प्लास्टिकच्या मुठीचा झाडू, असं आता घरोघरी झालंय, आणि केरसुणी वळणारी माणसं दिवाळीचे चार दिवस सोडले तर बाजारात बसून असतात. जून झाली की खराट्याच्या जोडीला अंगणात, मग बंबात, आणि तिचीही राखच.

मावशींचा हात आता कसा आहे असं कुणी विचारलं तर, बेचक्यांतला लालपणा उतरलाय, चिरा पूर्ण भरल्या नाहीत. भरणार कशा, आमचं एक घर झालं, बाकीच्या तीन घरी तेच घट्ट लिक्विड आणि तीच ॲसिडची बाटली. म्हणून मी त्या तिन्ही घरी जाऊन बोलले. एका घरानं लगेच ऐकलं, त्यांच्याकडे आता कालवलेलं लिक्विड आणि घोसाळं आहे. दुसऱ्या घरी ॲसिड बंद झालंय, बाकी बघू म्हणालेत. तिसऱ्या घरच्या काकूंना राखेनं भांडी स्वच्छ होतात हे पटतच नाही, त्या म्हणतात आमच्याकडे रविवारी मटण असतं, ते पातेलं घासून दाखवा मग बोला. तर या रविवारी सोड्याचा डबा आणि चाळलेली राख घेऊन मी आणि मावशी त्यांच्याकडे जाणार आहोत. मावशी म्हणाल्यात, "बोलायचं तेवढं तुमी बोला वैनी, घासून मी दावते."